रेझरचे पैसे कशाचे?

टिळकवाडी, बेळगाव

चि. बाळ यास,


तू पाठवलेला रेझरचा फोटो पाहिला. किंमत साडेसहा हजार, जर्मन नाव, वर क्रोमची झळाळी आणि खाली तुझा प्रश्न, ‘मामा, घेऊ का?’ ताईचा फोनही पाठोपाठ आला. पोराला वेड लागलंय, वीस रुपयांत येणाऱ्या वस्तूला कुणी साडेसहा हजार घालतं का, असं तिचं म्हणणं. मला ते वेड वाटत नाही. जे हत्यार रोज सकाळी स्वतःच्या गळ्यावरून फिरवायचं, त्याची चौकशी माणसाने केलीच पाहिजे. उद्यमबागेतल्या टूलरूममध्ये माझं आयुष्य गेलं. कापणारी धार आणि ती धार धरून ठेवणारा होल्डर, यांचंच गणित मी जन्मभर केलं. म्हणून फोनवर दोन वाक्यांत न उरकता सविस्तर लिहितो.

आधी तुझ्या गळ्याचं बोलू. कागलच्या एमआयडीसीत रोज गुळगुळीत दाढी करून जावं लागतं आणि हनुवटीखाली लाल पुरळ कायम असतं, असं तू दिवाळीत म्हणाला होतास. त्याचं कारण बहुतेक तुझ्या पाच पात्यांच्या कार्ट्रिजमध्ये आहे. त्यात पुढचं पातं केस जरा ओढून धरतं आणि तो पुन्हा आत जायच्या आत मागचं पातं त्याला छाटतं. त्यामुळे केस कातडीच्या पातळीखाली तुटतो. केस राठ आणि वळणदार असले की वाढताना त्यांचं टोक बाहेर न येता कातडीतच घुसतं, तिथे गाठ येते, कधी पूही होतो. एका पात्याचा रेझर केस कातडीच्या बरोबरीने कापतो, म्हणून बऱ्याच जणांचा हा त्रास कमी होतो. सगळ्यांचा जातोच असं नाही. पुरळ चिघळत असेल तर आधी कातडीच्या डॉक्टरला दाखव. पण एक पातं हवं हा तुझा विचार बरोबर आहे. फक्त एवढं लक्षात घे, की तीनशेच्या रेझरमध्येही पातं एकच असतं आणि साडेसहा हजारांच्याही.

आता पैशांचा हिशेब, कारण तिथे विकणारे अर्धंच सांगतात. आपल्याकडचं साधं दुधारी ब्लेड तीन-चार रुपयांना पडतं. एक ब्लेड पाच दाढ्या चालतं असं धर. रोज दाढी केलीस तर वर्षाला सत्तर-पंच्याहत्तर ब्लेड, म्हणजे फार तर तीनशे रुपये. तुझं एक कार्ट्रिज दीडशेला पडत असेल आणि तू ते दोन आठवड्यांनी बदलत असशील, तर वर्षाचे जवळजवळ चार हजार होतात. तुझ्यापुरता साडेसहा हजारांचा रेझर दोन वर्षांच्या आत फिटतो. पण तुझ्या बाबांचं बघ. ते जिलेटचा गार्ड वापरतात. २०१० साली कंपनीने तो भारतासाठी म्हणून काढला, तेव्हा रेझर १५ रुपयांना आणि त्याचं कार्ट्रिज ५ रुपयांना होतं. आज थोडं जास्त पडतं. आठवड्याला एक बदललं तरी त्यांचा वर्षाचा खर्च सहाशेच्या वर जायचा नाही. त्यांनी साडेसहा हजार घातले तर ते वसूल व्हायला वीस वर्षं लागतील. शिवाय गार्डमध्येही पातं एकच आहे. त्यांच्या गळ्याला कधी पुरळ नाही, ते कदाचित त्यामुळेच. तेव्हा बचतीसाठी भारी रेझर घ्या हा सल्ला तुला लागू पडतो, त्यांना नाही.

‘रेझर फुकटात द्या, ब्लेडवर कमवा’ ही जिलेटची युक्ती म्हणून मॅनेजमेंटच्या वर्गात शिकवतात. तूही शिकला असशील. इतिहास मात्र उलटा आहे. किंग कॅम्प जिलेटचा रेझर १९०३ मध्ये बाजारात आला तेव्हा त्या वर्षी विकले गेले अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेड. १५ नोव्हेंबर १९०४ ला त्याला पेटंट मिळालं. रेझरची किंमत होती ५ डॉलर, आणि अमेरिकेतल्या कामगाराच्या आठवड्याच्या मजुरीतला मोठा हिस्सा त्यात जायचा. पेटंट हातात होतं तोवर कंपनीने रेझर महागच ठेवला. १९२१ मध्ये पेटंट संपलं, नकला करायला सगळे मोकळे झाले, तेव्हा कुठे १ डॉलरचा रेझर निघाला. म्हणजे दुधारी रेझर जन्मला तोच श्रीमंती वस्तू म्हणून. यातला मला भावणारा माणूस जिलेट नाही, तर त्याचा इंजिनिअर विल्यम निकरसन. इतक्या पातळ पत्र्याला पाणी देऊन धार लावता येणारच नाही, असं जाणकार सांगत असताना त्याने ते करणारी यंत्रं उभी केली. आपल्या धंद्यात अशा माणसाला मान असतो.

या रेझरला जगभर पोचवलं पहिल्या महायुद्धाने. अमेरिकेने आपल्या सैनिकांना लाखोंनी रेझरचे संच वाटले, आणि युद्धावरून परतलेला माणूस रोज स्वतःची दाढी स्वतः करायची सवय घेऊन आला. आपल्या गावात ती सवय लष्करानेच रुजवली, असं मला वाटतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. तुझे आजोबा तिथे होते. सकाळच्या परेडला गालावर खुंट दिसलेला चालायचा नाही. त्यांचा इंग्लंडमध्ये बनलेला जिलेटचा तीन तुकड्यांचा ‘टेक’ माझ्याकडे आहे. वरचा निकेलचा मुलामा कडांवर झिजून खालचं पितळ दिसतं. पण आटे अजून पक्के आहेत, ब्लेड सरळ बसतं, आणि त्यावर मी आजही अधूनमधून दाढी करतो.

आता मुद्द्याचं, म्हणजे रेझरच्या डोक्याचं. दुधारी ब्लेड हातात घेऊन बघ. जाडी जेमतेम एक दशांश मिलिमीटर, शंभर मायक्रॉन. नुसतं धरलं तर बोटाने लवतं. रेझरचं वरचं झाकण आणि खालची प्लेट त्या ब्लेडला मधोमध वाकवून आवळतात, आणि त्या बाकामुळे त्याला ताठपणा येतो. धारेच्या जितक्या जवळ आवळलं असेल तितकी धार स्थिर. लेथवर टूल होल्डरच्या बाहेर फार काढलं की ते थरथरतं आणि जॉबवर चॅटरच्या रेघा उमटतात. गालावर तेच होतं, फक्त तिथे रेघांऐवजी आग होते. दुसरी गोष्ट, धार आणि खालच्या पट्टीमधली फट. ती जास्त असली की रेझर आक्रमक होतो, कमी असली की सौम्य. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: ती फट दोन्ही बाजूंना, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सारखी पाहिजे.

गल्लीतल्या एका मुलाने हौसेने एक रेझर मागवला. एका बाजूने ओरखडतं आणि दुसऱ्या बाजूने कापतच नाही, अशी तक्रार घेऊन तो माझ्याकडे आला. कंपनीचं नाव लिहीत नाही. ब्लेड लावून, दांडा नीट आवळून मी दोन्ही बाजूंना फिलर गेज घातला. डावीकडे ०.६५ ची पट्टी अलगद सरकली. उजवीकडे ०.४५ चीसुद्धा अडकली. भिंगातून पाहिलं तर झाकणाच्या खुंट्या प्लेटच्या भोकात ढिल्या होत्या. त्यामुळे आटे आवळताना ब्लेड एका बाजूला सरकत होतं. एका खुंटीच्या बुडाशी मुलाम्याचा बारीक थेंब साचला होता, तो कुणी काढलाच नव्हता. आमच्या टूलरूममध्ये असा जॉब इन्स्पेक्शनच्या टेबलावरूनच परत गेला असता. मग मी एकच पट्टी माझ्या स्टेनलेसच्या रेझरला लावली, जो सळईतून मशीनवर कोरून काढलेला आहे. चारही कोपऱ्यांत ती सारख्याच ओढीने सरकली. आजोबांच्या टेकमध्येही हाताला जाणवेल असा फरक नव्हता. भारी रेझरचे पैसे जर कशाचे असतील तर या सारखेपणाचे. मुठीवरची नक्षी, लाकडी पेटी, मखमल यांनी गळा वाचत नाही.

तुझ्याकडे फिलर गेज नसेल तर ब्लेड लावून रेझर खिडकीच्या उजेडासमोर डोळ्याच्या रेषेत धर. दोन्ही बाजूंना धारेची कड सारखी दिसली पाहिजे. तिरकी दिसली तर त्याच दिवशी परत पाठव.

आता धातूचं. तू ज्या रेझरचा फोटो पाठवलास त्याचं वर्णन मी नीट वाचलं. ‘क्रोम फिनिश’ असं तीन ठिकाणी लिहिलंय, आतला धातू कोणता ते एकदाही नाही. असं असतं तेव्हा आत बहुधा झॅमॅक असतो: जस्तात ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं मिसळलेला धातू. चारशे अंशांच्या आसपास तो पातळ होतो आणि साच्यात दाबून पटापट हजारो नग निघतात. वाईट धातू नाही तो. मर्कूरचा ३४सी, म्यूलेचा आर८९ यांसारख्या जगभर नावाजलेल्या रेझरांची डोकीही झॅमॅकवर क्रोम चढवलेलीच आहेत. त्यांचं ओतकाम सफाईदार, मुलामा चांगला. दाढी उत्तम होते. पण झॅमॅकचं आयुष्य वरच्या मुलाम्याइतकंच. मुलाम्याला कुठे टोचा पडला की आत पाणी शिरतं, जस्त पांढरं पडून फुगतं, आणि त्यावर इलाज नाही. आपल्याकडे आषाढ-श्रावणात न्हाणीघर महिना-महिना सुकत नाही, हे तुला सांगायला नको. दुसरं, झॅमॅक ठिसूळ. ओल्या हातातून फरशीवर पडला तर झाकणाचा आट्यांचा खुंटच मोडतो. पितळ पडलं तर फार तर वाकतं. स्टेनलेस पडलं तर फरशीला खोक पडेल.

मग सगळेच स्टेनलेसचे का करत नाहीत? कारण ३१६ जातीचं स्टेनलेस मशीनवर चिवट. कापता कापता ते आणखी कडक होतं, टूल खातं, वेग कमी ठेवावा लागतो. सळईतलं बरंचसं लोखंड बुरा होऊन खाली पडतं. मग बर काढायची, हाताने बफिंग करायचं, एकेक नग तपासायचा. दहा हजारांच्या स्टेनलेस रेझरमध्ये आयात शुल्क आणि दुकानदाराचा नफा असतोच, पण मशीनचे तास आणि कारागिराचे हातही खरोखर असतात. ते पैसे मला फुकट गेलेले वाटत नाहीत.

हे काम आपल्या गावाच्या आवाक्यात आहे, म्हणून जीव अधिक तुटतो. उद्यमबाग आणि मच्छे इथल्या कारखान्यांत हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बनतात. त्यातला स्पूल आणि त्याचं भोक यांत काही मायक्रॉनांपेक्षा जास्त सैलपणा चालत नाही. हत्तरगीला विमानांचे भाग बनतात. रेझरच्या डोक्याला लागणारी अचूकता यापुढे काहीच नाही. आपल्याच पोरांच्या हातची ही कला, आणि आपण न्हाणीघरात ठेवायला जर्मनीहून मागवतो.

चांगलं हत्यार महाग पडतं म्हणून लोक मागे हटतात, हे या मातीला नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, मग कडबा कापायची यंत्रं केली, १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला. गावचा सुतार बलुत्यावर लाकडी नांगर करून देत होता. रोख पैसे मोजून लोखंडाचा कशाला घ्यायचा? वर लोखंडाने जमिनीत विष कालवलं जाईल ही भीती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. पण ज्याने घेतला त्याला फाळ किती खोल जातो आणि नांगर किती वर्षं टिकतो, हे दिसलं. पुढे नव्या वसाहतीसाठी नगरपालिकेने जागा मागितली, किर्लोस्करांना बेळगाव सोडावं लागलं, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. आपल्याकडे राहिला तो त्यांच्या नावाचा रस्ता. तेव्हा वस्तू नावावर नाही, अंगच्या गुणावर घ्यायची. निपाणीच्या वखारीत तंबाखू घेणारा व्यापारी पोत्यावरचं नाव बघून भाव करत नाही. पान चुरून, हुंगून, हातावर घेऊन करतो. रेझरलाही तीच नजर लाव.

एक सांगायलाच हवं. उत्तम रेझरने दाढीतला निम्मासुद्धा फरक पडत नाही. जास्त फरक पडतो ब्लेडने, पाण्याने आणि हाताने. एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं, की पोलादापेक्षा पन्नास पट मऊ असलेला केससुद्धा ब्लेडच्या धारेचा टवका काढू शकतो. पातं केसावर तिरकं आलं आणि पोलादाच्या पोतात तिथे कमजोरी असली की टवका उडतो. ओला केस कापायला जोर कमी लागतो, म्हणून आधी आंघोळ, मग दाढी. तुमच्या बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही. फेसापुरतं नळाचं पाणी घे. रेझर दाबायचा नाही, त्याच्या वजनाने उतरू द्यायचा. मूठ गालाशी साधारण तीस अंशांत. पहिला हात केसांच्या दिशेने. तुझ्या पुरळावर उलटा हात काही महिने बंदच ठेव. आणि श्रावण पाळतोस, तेव्हा महिन्याची दाढी या रेझरने थेट काढायला जाऊ नकोस, डोकं तुंबतं. आधी सलूनमध्ये मशीनने उतरवून घे. तिथला कारागीर बघ, त्याच तीन रुपयांच्या ब्लेडचा अर्धा तुकडा वस्तऱ्यात लावून तो ज्या सफाईने कानाखालून हात फिरवतो, ती सफाई कुठल्याच किमतीला विकत मिळत नाही.

वापरलेली ब्लेडं कचऱ्यात सुटी टाकायची नाहीत. पौरकार्मिक बाया हातांनी कचरा वेगळा करतात. झाकणाचा पत्र्याचा डबा घे, झाकणाला फट पाड, त्यात साठव आणि भरला की चिकटपट्टीने बंद करून वर ‘ब्लेड’ असं मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून दे. आणि सांबऱ्याहून विमानाने जाशील तेव्हा ब्लेड हातातल्या बॅगेत नको, काढून घेतात.

तर माझं उत्तर. फोटोतला रेझर घेऊ नकोस. विकणाऱ्याला धातू विचार. झॅमॅक असेल तर दीड हजाराच्या वर एक रुपया देऊ नकोस, नाव कितीही मोठं असो. त्या किमतीत भारतात बनलेले, सरळ बसणारे रेझर मिळतात. पितळेचा मिळाला तर अडीच-तीन हजारांपर्यंत जा. सळईतून कोरलेला स्टेनलेस असेल, पगारातून घरखर्च आणि ताईच्या औषधांचे पैसे बाजूला ठेवून उरत असतील, हप्त्यांवर घ्यावा लागत नसेल, तर दहा हजारांनाही बिनधास्त घे. तो तुला जन्मभर पुरेल आणि त्यातले पैसे पोलादाचे आणि हाताचे असतील. मधलं काही घेऊ नकोस. सहा-सात हजारांना मुलामा चढवलेलं जस्त हा यातला सगळ्यात वाईट सौदा आहे.

पण त्याआधी एक काम कर. येत्या रविवारी तवंदीचा घाट ओलांडून सकाळच्या गाडीने इकडे ये, दाढी न करता. आजोबांचा टेक आणि माझा स्टेनलेसचा, दोन्हींवर एकाच पाकिटातलं नवं ब्लेड लावू. डावा गाल एकाने, उजवा दुसऱ्याने कर. दहा हजारांचा फरक तुझ्या कातडीला कळला तर घे, नाही कळला तर टेक घेऊन जा. तोपर्यंत ऑर्डर देऊ नकोस.

तुझा,
मामा